अभ्यासाला बसायचा जोर येतो कुठून?

मानेवाड्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: मुलगा दहावीत आहे. आठवीपर्यंत वर्गात पहिल्या पाचात असायचा, आता सत्तर टक्क्यांच्या घरात आलाय. सकाळी सव्वासातची शाळा, दुपारी चार ते साडेसात क्लास, रात्री जेवून पुस्तक उघडतो आणि अर्ध्या तासात आडवा होतो. त्यानंतर मोबाइल, झोपायला बारा. "काहून असं करतोस" म्हटलं की "काही नाही". शाळेतल्या पालकसभेत एका वक्त्याने सांगितलं की मूल मनाने आनंदी असेल तर अभ्यासाला ऊर्जा आपोआप येते. सासरे म्हणतात, हे उलटं आहे, अभ्यास झाला की आनंद आपोआप येतो. खरं कोणाचं? आणि क्लास बंद करू का?

ताई, मी नागपुरात बावीस वर्षं शाळकरी मुलांचं समुपदेशन करतेय. हा वाद माझ्या खोलीत दर आठवड्याला होतो, फक्त सासऱ्यांच्या जागी कधी बाप असतो, कधी गणिताचे सर. वक्ता अर्धा बरोबर आहे, सासरेही अर्धे बरोबर आहेत. दोघांचं चुकतं ते एकाच ठिकाणी: दोघांनीही "आपोआप" हा शब्द वापरला.

आधी "आनंदी" या शब्दाचा घोटाळा मिटवते. मानसशास्त्रात ज्याला मनाचं सकारात्मक स्वास्थ्य म्हणतात त्याचा हसतमुख असण्याशी फारसा संबंध नाही. कॅरल रिफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये त्याचे सहा पदर सांगितले. स्वतःला आहे तसं मान्य करता येणं, जवळच्यांशी जिव्हाळ्याचं नातं, स्वतःच्या मनाने काही ठरवता येणं, रोजचा पसारा आवाक्यात असणं, जगण्यात काही हेतू असणं आणि आपण पुढे सरकतोय असं वाटणं. यात मजा कुठेही नाही. तोंड मिटून कोपऱ्यात चित्र काढणारी मुलगी या सहाही गोष्टींत ठणठणीत असू शकते, आणि वर्गाला हसवून हसवून लोळवणारा पोरगा आतून पार रिकामा असू शकतो. मी दोन्ही पाहिले आहेत.

अभ्यासाच्या ऊर्जेचंही तसंच आहे. विल्मार शौफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये विद्यार्थ्यांसाठी जी प्रश्नावली वापरली तिच्यात तीन गोष्टी मोजतात: जोम, त्या विषयाबद्दल वाटणारी आस्था आणि तल्लीन होणं. जोमाखालचं एक विधान मला फार आवडतं. सकाळी उठल्यावर वर्गात जावंसं वाटतं, एवढंच ते विधान आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी तेच उलट्या बाजूने विचारते. रविवारी संध्याकाळी सात वाजता पोटात काय होतं? जे पोरगं म्हणतं "काही नाही, भूक लागते", त्याची मला काळजी नसते.

आता पुरावा. मनाचं स्वास्थ्य चांगलं असलेल्या मुलांमध्ये अभ्यासाचा जोम जास्त दिसतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. पण यातून "आधी आनंद, मग अभ्यास" असा नियम काढणारे एक गोष्ट सोडून देतात. स्वास्थ्य मोजायची जगभर चालणारी एक छोटी प्रश्नावली आहे, जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची, १९९८ पासूनची. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत होतं का, अंगात तरतरी होती का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, दिवसात आवडीच्या गोष्टी होत्या का. पाचातले दोन प्रश्न सरळ ऊर्जेचेच आहेत! मग स्वास्थ्य आणि ऊर्जा एकमेकांशी जुळली यात नवल ते काय. कोणी तुम्हाला या दोघांच्या नात्याचा मोठा आकडा दाखवला, तर त्यातला काही भाग असा मोजमापातूनच आलेला असतो हे ध्यानात ठेवा. उरलेलं नातं खरं आहे, पण ते दोन्ही दिशांनी वाहतं. मन बरं असलं की अभ्यासात जीव लागतो, आणि एखादं गणित स्वतःला सुटलं की मन बरं होतं. सासरे या दुसऱ्या वाटेबद्दल बोलताहेत. फक्त त्यांच्या हिशेबात "अभ्यास झाला" म्हणजे निकाल लागला. मुलाच्या हिशेबात तो रात्री सव्वानऊला होतो, वहीत उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळतं तेव्हा.

बहुतेक घरांत ऊर्जा म्हणजे गॅसचं सिलिंडर समजतात. सकाळी भरलेलं, रात्री रिकामं. म्हणून जो पोरगा "थकलो" म्हणतो आणि पाच मिनिटांत बॅट घेऊन मैदानावर पळतो, तो खोटारडा ठरतो. तो खोटं बोलत नसतो. इच्छाशक्ती हीसुद्धा टाकीसारखी वापरून संपते, असा सिद्धांत १९९८ मध्ये गाजला होता. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून २,१४१ जणांवर तो पडताळला तेव्हा परिणाम जवळपास दिसलाच नाही. त्याउलट रिचर्ड रायन आणि क्रिस्टिना फ्रेडरिक यांनी १९९७ मध्ये "जिवंतपणा वाटणं" मोजायला सुरुवात केली. आपल्यात जीव आहे असं माणसाला वाटणं शरीराच्या तब्येतीशी जोडलेलं आहेच, पण ते मनाशीही तितकंच जोडलेलं आहे, असं त्यांना दिसलं. स्वतःच्या मनाने केलेलं काम तितकं पिळून काढत नाही. दुसऱ्याच्या धाकाने, लाजेने किंवा भीतीने केलेलं तेच काम पिळून काढतं. भीती काही फुकट राहत नाही, गणित सोडवायला डोक्यात जी जागा लागते तिथेच ती येऊन बसते.

हे मला पुस्तकापेक्षा एका कूलरने जास्त नीट शिकवलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलते.)

नागपूरच्या महाल भागातला एक मुलगा, नववीचा. तक्रार तुमच्यासारखीच, अंगात जोर नाही. मी अशा मुलांना आठवड्याचा तक्ता देते, दिवसाला चोवीस चौकोन, आणि दोन रंगीत पेन्सिली. ज्या तासात जीव येतो तो हिरवा, ज्या तासात जीव जातो तो तांबडा, बाकीचे कोरे. त्याने निमूटपणे तांबडी पेन्सिल झिजवली. हिरवा चौकोन सगळ्या पानावर एकच होता, रविवार सकाळी सात ते आठ. मी विचारलं, तेव्हा काय असतं? म्हणाला, "आता काही नसतं. मागच्या वर्षी कूलर होता."

नागपूरकराला मार्चचा कूलर समजावून सांगायची गरज नाही. माळ्यावरून उतरवायचा, गेल्या वर्षीच्या ताट्यांचं काळं पडलेलं गवत काढून टाकायचं, जाळ्या घासायच्या, नवं गवत सारखं पसरून बांधायचं, पंप पाण्यात टाकून बघायचा, मोटरला तेल द्यायचं. हा पोरगा सातवीपासून घरचा कूलर एकटा लावायचा. मग शेजारच्या काकूंचा, मग वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा, असे गल्लीतले पाच कूलर झाले. पंप चालतो पण एका ताटीवर पाणी येत नाही, तेव्हा नळीच्या छिद्रात क्षार साचलेला असतो आणि तो उदबत्तीच्या काडीने काढायचा, हे त्याने मला हातवारे करून सांगितलं. आधीच्या चाळीस मिनिटांत तो एकूण दहा वाक्यं बोलला नव्हता.

आठवी संपल्यावर घरच्यांनी सांगितलं, आता नववी, हे धंदे बंद. वडिलांना बोलावलं तर ते म्हणाले, "मॅडम, कूलर भरून मेडिकलची सीट भेटते का?"

नाही भेटत. पण त्या एका तासात काय होतं ते बघा. कुठली ताटी आधी, कुठला पंप बदलायचा, हे तो ठरवायचा. काम बरोबर झालं की नाही हे दहा मिनिटांत थंड वाऱ्यावरून कळायचं, त्यासाठी कोणाच्या लाल पेनची वाट बघावी लागत नव्हती. आणि काकू पन्ह्याचा ग्लास पुढे करून म्हणायच्या, तू नसतास तर आम्ही उकडून मेलो असतो बाप्पा. आपलं चालतं, आपल्याला जमतं, आपण कोणाला तरी हवे आहोत. एडवर्ड डेसी आणि रायन या जोडीने मनाच्या मूलभूत गरजा म्हणून नेमक्या याच तीन गोष्टी मांडल्या आहेत. आता त्याच मुलाचा अभ्यास बघा. काय शिकायचं ते क्लासने ठरवलेलं, जमलं की नाही ते युनिट टेस्टच्या निकालात कळणार, आणि माणसांकडून मिळणारा एकच प्रश्न, "कितवा आलास?" तिन्ही गरजांचे दरवाजे बंद, आणि वर आपण विचारतो की ऊर्जा कुठे गेली.

आम्ही कूलर परत दिला. एक अट मी वडिलांना घातली: गणित झालं तरच कूलर, असं करायचं नाही. तसं केलं की कूलरही गणिताच्या बाजूला जाऊन बसतो, त्यात असलेला जीवही जातो. दुसरं, गणितात धडा कुठल्या क्रमाने करायचा ते त्याने ठरवायचं, रोज पाचच उदाहरणं, आणि उत्तरं त्याने स्वतःच मागे बघून तपासायची. तीन आठवडे मार्कांत ढिम्म फरक पडला नाही. फरक पडला तो क्लासला निघताना होणाऱ्या भांडणात. सहामाहीला गणित बऱ्यापैकी वर आलं. इंग्रजी होतं तिथेच राहिलं, आणि ते खोटं सजवून सांगण्यात अर्थ नाही.

तुमच्या मुलाकडे वळते. मनाच्या गोष्टीआधी मला त्याचं घड्याळ दिसतं. रात्री बाराला झोपतो आणि सव्वासातच्या शाळेसाठी पावणेसहाला उठत असणार. ही जेमतेम पावणेसहा तासांची झोप झाली. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास लागतात. वयात येताना शरीराचं घड्याळच मागे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा सुटतं. त्यामुळे दहाला डोळा न लागणं हा नुसता मोबाइलचा दोष नसतो, मोबाइल त्यात भर घालतो. आपल्या सरकारने २०२४ मध्ये शाळांना सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. चांगलं केलं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर मागे सरकलेलं असतं ती आठवी-दहावीची मुलं अजून काळोखात स्कूटीच्या मागच्या सीटवर डुलक्या घेत शाळेत जातात. मला विचाराल तर निर्णय आधी त्यांच्यासाठी व्हायला हवा होता.

दुसरं, रक्त तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के आणि मुलांपैकी ३१.१ टक्के रक्तक्षयाच्या कक्षेत आले. मुलींचं सगळे बोलतात, मुलांचं कोणाच्या लक्षात येत नाही. सरकारी शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलं खिडकीतून फेकतात हे मलाही माहीत आहे. हिमोग्लोबिन कमी असलेल्या पोराला प्रेरणादायी व्हिडिओ दाखवून काही होत नाही. डॉक्टरांना थायरॉइडचंही विचारा. आणि एप्रिलमध्ये तुमचा मुलगा दिवसभरात पाणी किती पितो ते एकदा मोजा. शाळेत संडास घाण असतो म्हणून पाणीच न पिणारी मुलं मुली मी कितीतरी पाहिल्या, दुपारी त्यांचं डोकं दुखतं आणि घरी त्याला अभ्यासाचा कंटाळा म्हणतात.

झोप आणि रक्त ठीक करूनही गाडी हलली नाही, तर मनाकडे या.

तुमच्या पत्रातला एक शब्द मला टोचला: "पहिल्या पाचात". आठवीपर्यंत तो "हुशार" होता. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांचा १९९८ चा एक प्रयोग आहे, पाचवीच्या मुलांवरचा. काहींना कोडी सुटल्यावर "तू हुशार आहेस" म्हणून शाबासकी दिली, काहींना "तू मेहनत घेतलीस" म्हणून. नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं अपयशानंतर लवकर हटली, त्यांची मजा कमी झाली आणि पुढची कामगिरीही घसरली. का, ते मला या खोलीत रोज दिसतं. हुशार पोराला प्रत्येक न सुटलेलं गणित म्हणजे बिरुद जाण्याची नोटीस वाटते. मग पुस्तक न उघडणं हाच सगळ्यात सुरक्षित मार्ग उरतो. अभ्यास केला नाही म्हणून सत्तर पडले, असं निदान म्हणता येतं. अभ्यास करून सत्तर पडले तर काय म्हणणार? आळसाचं सोंग घेणं त्या वयात मुलांना कमी लाजेचं वाटतं. तुमच्या मुलाचं हेच आहे असं मी पत्रावरून ठामपणे सांगणार नाही, पण "काही नाही" हे उत्तर मला त्याच जातीचं वाटतंय.

त्यामुळे "मूल आनंदी ठेवा" या वक्त्याच्या सल्ल्याचा अर्थ त्याला फुटाळा तलावावर फिरवून आणा, पिझ्झा खाऊ घाला, असा घेऊ नका. खाऊ घाला, त्याला माझी ना नाही. आनंदाच्या क्षणी मनाचा पसारा रुंदावतो, नवे मार्ग सुचतात, हे बार्बरा फ्रेडरिक्सन यांनी मांडलेलं सूत्र मला पटतं. पण त्याच परंपरेत "एका वाईट भावनेला तीन चांगल्या" असं ३:१ चं प्रमाण सांगितलं जायचं. त्यामागचं गणित चुकलेलं असल्याचं २०१३ मध्ये दाखवून दिलं गेलं, तरी पालकसभांतून ते अजून फिरतंय. तुमच्या वक्त्याने ते सांगितलं असेल तर सोडून द्या. भावना मोजून वाढायची गोष्ट नाही.

त्यापेक्षा एक आठवडा एवढंच करा. तो क्लासहून आला की मार्क, टेस्ट, होमवर्क यातलं काही विचारू नका. आजोबांनाही सांगा, गोडीत सांगा. जेवताना त्याला जे येतं त्यातलं काही तुम्हाला शिकवायला लावा, मोबाइलमधलं असलं तरी चालेल. रात्री त्याने स्वतः निवडलेलं, हमखास सुटेल असं एकच उदाहरण करायचं, मग हवं तर झोपायचं. जोर आल्यावर बसायचं असं ठरवलं तर दहावी अशीच निघून जाईल. पण बसल्यावर काहीतरी सुटलं तर जोर येतो, इथे सासरे शंभर टक्के बरोबर आहेत.

एक गोष्ट मात्र थांबून वाचा. त्याची उदासी किंवा चिडचिड दोन आठवड्यांहून जास्त सलग असेल, अभ्यासच काय पण क्रिकेट, मित्र, आवडीचं खाणं यातही रस उरला नसेल, किंवा "मी नसतो तर बरं" अशा तऱ्हेचं काही तो बोलला असेल, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. तो ऊर्जेचा प्रश्न नाही, आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. मरणाचे विचार येतात का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट पोराला हायसं वाटतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मानसोपचार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. तिथल्या गेटवर कोणी ओळखीचं भेटेल ही भीती मी पुष्कळ आयांच्या डोळ्यांत पाहिली आहे. ओळखीचं भेटलं तर तेही त्याच कामाला आलेलं असतं.

आता क्लास. तो तुम्ही बंद करू नका. म्हणजे कदाचित तो बंद होईलही, पण तुम्ही ठरवून नको. तुम्ही लावला तसा तुम्हीच बंद केलात, तर त्याच्या हाती काय आलं? कागदावर क्लासचे विषय लिहा, साडेतीन तास लिहा, फी लिहा, अगदी रुपयात. त्याच्यापुढे ठेवा आणि सांगा, यातलं काय ठेवायचं नि काय सोडायचं ते तू सांग, आठवडाभराने सांगितलं तरी चालेल. तो पहिल्यांदा म्हणेल, "तुम्हीच ठरवा." मुलं तसंच म्हणतात, त्यांना वाटतं हा सापळा आहे. कागद फ्रिजवर चिकटवून ठेवा आणि आठवडाभर त्याबद्दल अक्षर काढू नका.